नापास विटांचं घर आणि तुझा विस्तव

आत्या,

आपल्या घरात कोण दुःखानं रडतंय आणि कोण धुरानं, हे कधी कुणाला सांगता आलं नाही. आई गेली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हतो. भेटायला आलेल्या बाया म्हणाल्या, "लेकरू बघा किती रडतंय." तू चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होतीस. तिथूनच म्हणालीस, "त्याला काय कळतंय बाई. धुराकडंला बसलंय त्ये. हिकडं सरक रं बाळ्या." मी सरकलो आणि माझं रडू थांबलं. ही गोष्ट तू पुढं येईल त्याला सांगितलीस आणि दरवेळी हसलीस. आता तू गेलीस, आणि मला रडायला धुराची सबब राहिलेली नाही. सबब मीच काढून टाकली. तुझ्याशी भांडून भांडून काढून टाकली.

लोकांना वाटायचं आपलं बरं चाललंय. विटांचं घर ना! सगळ्या आळीत मातीच्या भिंती आणि आपल्याच तेवढ्या भाजलेल्या विटांच्या. पण त्या विटांची हकिकत आळीला ठाऊक होती. इंग्रजांच्या वेळी प्रवरेचा कालवा बांधत होते तेव्हा आजोबा भट्टीवर कामाला होते. तिथला सुपरवायझर एकेक वीट टिचकी मारून बघायचा. जी खणखणीत वाजणार नाही, जी वाकडी, जी जास्त भाजून काळी झालेली, ती बाजूला. त्या बाजूला पडलेल्या विटा आजोबांनी विचारून, डोक्यावरून वाहून आणल्या आणि मातीत बसवल्या. म्हणजे सरकारनं नापास केलेल्या विटांचं आपलं घर. वर मातीचं सपाट धाबं, धाब्यात उजेडासाठी एक साणं, आणि त्या साण्यातून धूर बाहेर जाईल अशी आजोबांची कल्पना. धुराला ती कल्पना कुणी सांगितली नव्हती. तो घरातच राहायचा.

पावसाळी झड पश्चिमेकडून आली की विटांमधली माती वाहून जायची. फटींमधून विंचू यायचे. तू चिमट्यात धरून त्यांना बाहेर न्यायचीस आणि "जा, गंगूच्या घरी जा," असं सांगून सोडायचीस.

गंगूबाई म्हणजे आपली भिंतीला भिंत असलेली शेजारीण. तिच्या कोंबडीवरून तुमचं भांडण झालं ते मी शाळेत जायला लागलो तेव्हाचं. कोंबडी मेली, तिची पिल्लं मेली, पिल्लांची पिल्लं बाजारात गेली, तुमचा अबोला मात्र हयात राहिला. तरी रोज सकाळी गंगूबाई खापर घेऊन आपल्या दारात उभी. बोलायची नाही. नुसती खोकायची. तू चुलीतली राख बाजूला करायचीस, धगधगत्या गोवरीचा तुकडा चिमट्यानं उचलून तिच्या खापरात टाकायचीस. तूही खोकायचीस. झाला व्यवहार.

तुझा विस्तव कधी विझला नाही. रात्री जेवणं उरकली की तू चुलीत एक गोवरी ठेवून तिच्यावर राख ओढायचीस, लेकराला पांघरूण घालावं तशी. सकाळी राख सारली की आत लाल. अर्धी आळी त्यावर चुली पेटवायची. काडीपेटी आपल्या घरात होती ती फक्त तुझ्या भावाच्या, दादांच्या विडीसाठी, आणि तीही तुला आवडायची नाही.

मी बी. ए. झालो ते दुष्काळाच्या साली. आपल्या घराण्यातला पहिला. हे मी अभिमानानं सांगतो आणि पुढंही सांगणार. तू मला कितीही चिडव. निकाल कळला तेव्हा दादा खडी फोडायच्या कामावर होते आणि तू परदेशातून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापत होतीस. भाकरी काही उलटायला तयार नव्हती. तव्यावर तिचे तुकडे व्हायचे आणि तू ज्या देशानं ती पाठवली त्या देशाच्या बायांचा उद्धार करायचीस. मी म्हणालो, "आत्या, बी. ए. झालो."

"म्हंजी मास्तर का सायेब?"

"म्हणजे बी. ए."

"मंग त्या धुरातनं बाजूला व्हय की बीए. डोळं पुसत उभा ऱ्हायलाय."

पुढच्या साली पाऊस झाला आणि मला गावापासून सायकलवर जाता येईल अशा हायस्कुलात नोकरी लागली. पहिल्या पगाराचं मी तुला लुगडं आणलं. तू ते हातात घेतलंस, उजेडाकडं धरलंस आणि विचारलंस, "काठ कोन्ता हाय रं? हिरवा का निळा?"

काठ लाल होता.

त्या दिवशी मी ठरवलं, आधी ही चूल. पंचायतीच्या ओट्यावर ग्रामसेवकानं बिनधुराच्या चुलीचा नमुना करून दाखवला होता. चूल, तिला जोडून दुसरं भांडं ठेवायला वैल, वैलाच्या मागून भिंतीतून वर जाणारं धुराडं. मी वहीत चित्र काढून आणलं. तू ते चित्र उलटं धरून बघितलंस.

"ह्यात धूर कुटं हाय?"

"धूर नसतोच."

"मंग इस्तू कुटं हाय?"

मला वाटलं तू थट्टा करतेस. तू थट्टा करत नव्हतीस. तुझं म्हणणं असं, की वाऱ्याला वर जायला वाट दिली की विस्तव रात्रभर जळत राहणार आणि सकाळी राखेखाली नुसती राख. मी म्हणालो, "काडीपेटी आहे ना. पाच पैशाला मिळते."

आत्या, त्यावर तू जे म्हणालीस ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही. आता रोज ऐकू येतं. तू म्हणालीस, "काडीपेटी आली की मानूस येत न्हाई दारात. मी हितं आले तवा ह्या आळीत कुनी माझ्याशी बोलत नव्हतं. नांदत न्हाई म्हनून. बोलत नव्हते, पर इस्तू न्यायला यायचे. मागनं बोलायला लागले."

आणि लगेच मला चिमटा दाखवून म्हणालीस, "बांध तुजं धुराडं. पर इस्तू विझला तर धुराडं बी पाडीन आनि तुला बी."

म्हणजे अट पक्की झाली. घर सुधारायचं, पण विस्तव राहिला पाहिजे. धूर जावा, माणसं येत राहावीत. बी. ए.च्या कुठल्याच पेपरात असला प्रश्न आला नव्हता.

सासर सोडून आलीस तेव्हा तुझ्या हातात एवढी एक लोखंडी फुंकणी होती, असं दादा सांगतात. अंगावरचं लुगडं आणि फुंकणी. तू ती कशाला उचललीस, कुणाला मारायला उचलली होतीस की काय, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं. दादांना विचारलं तर ते म्हणतात, "आक्कानं मला सांगितलं न्हाई, तुला काय सांगनार हुती?"

इब्राहिमभाई गवंडी संगमनेराहून आला. कामापेक्षा त्याची जीभ पुढं. पहिल्याच दिवशी तुला म्हणाला, "मावशी, असं धुराडं ओढून देतो, असं ओढून देतो, की भाकर तव्यावरनं उडून वर जाईल!"

तू म्हणालीस, "मंग तू धाब्यावर बस झेलायला."

धाब्याला भोक पाडायच्या दिवशी तू चुलीपुढं बसून राहिलीस. पहिली कुदळ पडली आणि वरून पांढरी माती खाली आली. तुझ्या डोक्यावर, पाठीवर. तू हलली नाहीस. पण परसात निवडुंगाखाली आजोबांच्या उरलेल्या विटा सापडल्या आणि धुराडं त्यांचंच करायचं ठरलं, तेव्हा तू उठून पदर खोचलास. एकेक वीट झटकून दिलीस. टिचकी मारून बघायचीस आणि इब्राहिमभाईला सांगायचीस, "ही बी नापास. घे."

बाहेरच्या भिंतीवरून मात्र आपलं खरं भांडण झालं. मला समोरची भिंत गिलावा करून हवी होती. गुळगुळीत, वर गुलाबी रंग, संगमनेरात वकिलांच्या घरांना असतो तसा. शिकलेल्या माणसाचं घर शिकलेलं दिसावं, यात काय चुकलं? तू म्हणालीस, "म्हाताऱ्या बाईनं पावडर लावल्यावानी दिसंल." शिवाय दाराच्या डाव्या हाताला ती वीट होती. भट्टीच्या आधी ओली असताना तिच्यावरून कुत्रं चालत गेलं होतं. चार बोटं आणि तळवा अगदी स्वच्छ उमटलेला. सुपरवायझरनं ती त्यासाठीच नापास केली होती. आळीतल्या प्रत्येक पोरानं त्या पावलात अंगठा घालून बघितलेला. मीही.

"ते झाकायचं न्हाई," तू म्हणालीस.

"आत्या, कुत्र्याचा पाय आहे तो."

"मंग? ह्या घरात पयला पाय त्याचा पडलाय. तुजा न्हाई."

शेवटी भांडणाचा निकाल तुझ्यानं लागला नाही आणि माझ्यानंही नाही. सिमेंटला परवाना लागायचा आणि परवाना काही मिळेना. इब्राहिमभाई म्हणाला, चुना मळतो आणि विटांमधल्या फटी तेवढ्या भरून घेतो. त्याला तो दर्जा भरणं म्हणायचा. झालं. पडलेल्या विटा बदलल्या, फटी खोल खरवडून चुना भरला, वर करणीनं रेघा ओढल्या. तू फुंकणी घेऊन मागं उभी. "हितं ऱ्हायलं. त्या काळ्या विटंच्या खाली. दिसत न्हाई का रं?" लुगड्याचा काठ न दिसणाऱ्या बाईला फट बरी दिसायची! वर आढ्यापाशी चिमण्यांचं एक भोक होतं ते तू भरू दिलं नाहीस. इब्राहिमभाईनं दोनदा चुना उचलला आणि दोनदा तू फुंकणीनं शिडी वाजवलीस.

भिंत चांगली झाली, मी नाही म्हणत नाही. पण गिलावा केला असता तर आणखी चांगली झाली असती, हे माझं मत आजही आहे. तू गेलीस म्हणून तुझं बरोबर ठरत नाही, आत्या. एवढ्यात खूश होऊ नकोस.

नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध ठेवलंस. दूध पूर्वेला उतू गेलं, तू हात जोडलेस. धूर वैलामागून निघाला आणि वर गेला. दादा अंगणात जाऊन धाब्याकडं बघत उभे राहिले. आत आले आणि म्हणाले, "जातोय." एवढंच. मग आपण चौकटीपासून चुलीपर्यंत सगळी भिंत बघितली. कित्येक वर्षांत ती कुणी बघितली नव्हती. आईचं लुगडं टांगायची खुंटी अजून तिथंच होती, काजळीखाली. तू ती पोतेऱ्यानं पुसलीस. त्या दिवशी धूर नव्हता, म्हणून मी बाहेर गेलो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू राख सारलीस, तर खाली राख.

तुझं बरोबर होतं. धुराडं ओढत होतं, इब्राहिमभाई म्हणाला होता तसंच. रात्रभर ओढून त्यानं गोवरी खाऊन टाकली. दारात खापरं घेऊन बाया उभ्या. तू काडीपेटीला हात लावला नाहीस. मीच काडी ओढली. गंगूबाई रिकामं खापर घेऊन परत गेली आणि आपल्या अंगणात उभी राहून भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बीए झालेल्यांच्या घरात बी काडीपेटी लागती म्हनायची!"

तिसऱ्या सकाळीही तेच. तू पहार कुठं ठेवली आहे असं दादांना विचारलंस. मी घाबरलो. संगमनेरला जाऊन लोखंडी पत्र्याची सरक-झडप करून आणतो, धुराड्यात बसवतो, रात्री बंद, सकाळी उघडी, असं मी समजावत होतो. तू ऐकत होतीस का कोण जाणे. संध्याकाळी शाळेतून आलो तर तू घरात नाहीस. आळीतली पोरं वर बघत होती. मी वर बघितलं तर तू धाब्यावर. त्या वयात शिडी चढून गेलेलीस. इब्राहिमभाई मागं विसरून गेलेलं घमेलं तू धुराड्याच्या तोंडावर पालथं घातलंस आणि वर धोंडा ठेवलास.

"आत्या! खाली ये आधी!"

"थांब की. हितनं लई लांबचं दिसतंय रं. पार नदी दिसती. गंगूनं पापड वाळत घातलेत, जळके हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेखाली लाल. तू चिमटा वाजवत बाहेर आलीस. खोकणाऱ्या गंगूबाईच्या खापरात नेहमीपेक्षा मोठा तुकडा टाकलास.

तेव्हापासून ते तुझं कामच झालं. रात्रीचं जेवण लवकर उरकून, उजेड आहे तोवर शिडीवर. दुधावर झाकण ठेवावं तसं धुराड्यावर घमेलं. मग थोडा वेळ तिथंच बसून सगळ्या आळीशी बोलायचं, वरून. सकाळी परत शिडी. मी झडप करून आणली तर तू तिच्यात कांदे ठेवलेस. इब्राहिमभाई घमेलं मागायला आला, तर घमेलं धाब्यावर उन्हात चकाकत असताना तू त्याला म्हणालीस, "कुटलं घमेलं? आमच्याकडं न्हाई बाबा." तो वर बघत होता आणि तू त्याच्याकडं बघत होतीस. शेवटी तो चहा पिऊन गेला.

आणि मग ती मुलीकडची मंडळी घर बघायला आली तो दिवस. त्याची आठवण काढल्याशिवाय मी काही हे लिहिणं संपवणार नाही.

सुमनचे वडील, तिची आई आणि एक मामा. नेवाशाकडची माणसं, बैलगाडीतून उतरली ती सरळ घराकडं बघत. मी टेरीलिनची नवी पँट घालून दारात. समोरची भिंत चुन्याच्या रेघांनी उठून दिसत होती. सुमनच्या वडिलांनी विटांवरून हात फिरवला, कुत्र्याच्या पावलापाशी थांबले, बोट घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते हसले. मी म्हटलं, जमलं.

आत बसले. तू पहाटेपासून पुरणाच्या पोळ्यांत. मंडळी यायच्या आत चूल थोडी विश्रांतीला ठेवली होतीस आणि दिवसाही विस्तव टिकावा म्हणून घमेलं घालून आली होतीस. हे कुणाला माहीत? तूच विसरलीस. मंडळी बसल्याबरोबर तू चुलीत लाकडं घातलीस आणि धूर वर जाऊन घमेल्याला थडकला आणि उलटा फिरला. बघता बघता माजघर भरलं. सुमनची आई पदर तोंडाला लावून खोकायला लागली. मामा दिसेनासे झाले. वडिलांच्या डोळ्यांना धारा.

मी तिथं सुधारलेल्या चुलीचं कौतुक सांगत बसलो होतो. "बिनधुराची आहे," हे माझे शब्द होते, आत्या. तोंडातच होते.

तू धुरातून बाहेर आलीस, फुंकणी हातात, आणि सुमनच्या वडिलांकडं बघून म्हणालीस, "आत्तापासनं रडू नका व्याही. अजून पोरगी दिली न्हाई तुमी."

मामा आधी हसले, खोकत खोकत. मग सगळेच. मी टेरीलिनच्या पँटीसकट शिडी चढलो, घमेलं काढलं. धुराड्यातून जो लोट निघाला तो सगळा माझ्या तोंडावर. खाली आलो तेव्हा घर स्वच्छ आणि मी काळा. सुमनच्या आईनं तुला विचारलं, "आमच्या पोरीला फुंकावं लागंल का हो?"

"न्हाई. फुंकनीला आता कामच न्हाई. ही मी मान्सांना दाखवायला ठेवलीय."

"आन् ते घमेलं कशाला?"

तू सांगितलंस. विस्तव, आळी, खापरं, सगळं. बोलून झाल्यावर त्या बाईंनी दारातून शिडीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आमची सुमी चढंल शिडी."

लग्न झालं ते त्या वाक्यावर झालं, माझ्या बी. ए.वर नाही. मी आता ते कबूल करायला मोकळा आहे, तू ऐकायला नाहीस म्हणून.

धुराडं चांगलं आहे असं तू मला तोंडावर कधी म्हणाली नाहीस. पण एकदा मी परसात होतो आणि तू धाब्यावर बसून गंगूबाईच्या अंगणाकडं तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही असं बोलत होतीस: "आमच्या बाळ्यानं चूल केली. आता सुईत दोरा माजा मी ओवते. शिकल्याल्या पोराचं घर हाय." गंगूबाई खोकली. ते पुरेसं होतं. मी परसातून हललो नाही, शेळीसारखा उभा राहिलो. लग्नात तू ते लाल काठाचं लुगडं नेसलीस आणि काठ निळा आहे असं सगळ्यांना सांगितलंस, मला चिडवायला. तुझे डोळे निवळले होते, हे मला ठाऊक होतं आणि तुलाही.

तू गेलीस ती सकाळी, सगळ्यांची खापरं भरून झाल्यावर. चिमटा खाली ठेवलास, भिंतीला पाठ टेकलीस. सुमनला म्हणालीस, "जरा बसते." आणि बसलीस ती बसलीस. बाहेर चिमण्या भोकातून ये-जा करत होत्या, त्यांना काय त्याचं.

रीतीप्रमाणं मडकं मला धरायचं होतं. दादा म्हणाले, आक्काला पोटचं कुणी नाही, तूच. सुमननं चिमट्यानं चुलीतला विस्तव मडक्यात भरला. होता नव्हता तेवढा सगळा. तुझा विस्तव तुझ्याबरोबर निघाला आणि चूल रिकामी झाली. नदीकडं चालताना मडक्याची धग माझ्या हातांना लागत होती आणि माझ्या मनात दुसरं काही येईना. एवढंच, की आत्यानं अट घातली होती. विस्तव विझला तर धुराडं पाडीन म्हणाली होती. आता विझला. मीच घेऊन चाललोय.

घरात चूल पेटली नाही. आळीनं कडू घास आणला, पिठलं-भाकरी आणली, सगळ्या घरांतून. गंगूबाईच्या घरूनही आली, पण ती स्वतः आली नाही. धाब्यावर घमेलं होतं तसंच. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो. सुमननं चूल सारवली होती. दादांची काडीपेटी तिच्या हातात होती. ती माझ्याकडं बघत होती. ओढू का, असं.

तेवढ्यात दारात कुणीतरी खोकलं.

गंगूबाई होती. हातात खापर, खापरात राख, पदरानं झाकलेली. तुमचा अबोला सुरू झाला त्यानंतर ती पहिल्यांदाच आपल्या घरात उंबऱ्याच्या आत आली. माझ्याकडं बघितलं नाही. तू बसली होतीस त्या भिंतीकडं बघून बोलली.

"त्या दिशी सकाळी दिल्ता हिनं. मागनं कळलं. तवाधरनं झोपले न्हाई, राखत बसले. माजी सून म्हनली काडीपेटी हाय की. म्हनलं, गप ऱ्हा." मग राख बोटानं सारली. आत लाल होतं. "मला हिच्याशी बोलायचं न्हाई. कोंबडीचं मी इसरले न्हाई. पर इस्तू हिचा हिला."

सुमननं खापर दोन्ही हातांनी घेतलं. चुलीत ओतलं. गोवरी लावली. कुणाला फुंकावं लागलं नाही. धुराड्यानं ओढलं आणि पेटलं. गंगूबाई तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. धूर नव्हता, आत्या. तिला सबब नव्हती.

मग मी पण बसलो तिच्या शेजारी.

इब्राहिमभाई तेराव्याला आला. जेवला, वर बघितलं, म्हणाला, "राहू द्या ते घमेलं मावशीचं." मावशीचं म्हणाला. जिंकलीस तू.

आता उरलं आहे ते एकच भांडण. ओट्याला नीळ लावायची की तसाच ठेवायचा, हे आपलं ठरलं नव्हतं. तुला निळा हवा होता, दिवाळीत लावू म्हणाली होतीस. मला अजूनही पसंत नाही. लाल विटांखाली निळा ओटा म्हणजे तमाशाचा पडदा. मी लावणार नाही. सुमन म्हणते ती लावणार. बघू.

आज सकाळी सुमन शिडी चढली, घमेलं काढलं, खाली येऊन राख सारली. खापरं भरली. गंगूबाई खोकली, सुमनही खोकली. तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

आत्या, आपली चूल धुराची नाही. समोरची भिंत चुन्यानं भरून घेतली, पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही. कुत्र्याचं पाऊल दिसतं, चिमण्यांचं भोक उघडं आहे. विस्तव तुझाच आहे आणि माणसं येतात.